होऊन राहिलं

आमच्या उमरेड-भिवापूरच्या पट्ट्यात चालू कामाबद्दल बोलताना ‘होत आहे’ असं कोणी म्हणत नाही. ‘होऊन राहिलं’ म्हणतात. भात शिजून राहिला, पाऊस पडून राहिला, पोरगी नागपुरात शिकून राहिली. माझ्या धाकट्या बहिणीचं सासर पुण्याचं. तिथे तिने पहिल्या आठवड्यात ‘भात शिजून राहिला’ म्हटलं, तर सासूबाईंना कळेना की भात शिजला की शिजायचा राहिला. तिकडच्या कानांना त्यात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं.

मला कधी तसं वाटलं नव्हतं. २०१९ च्या नोव्हेंबरात आमच्या गावची रेल्वे बंद झाली, तेव्हापासून वाटायला लागलं. भिवापूरला फोन केला की मी आईला विचारायची, “लाईनीचं काय गं?” आणि ती म्हणायची, “काम होऊन राहिलं.” पहिल्या वर्षी त्याचा अर्थ ‘चालू आहे’ असाच होता. पुढे पुढे तेच तीन शब्द म्हणताना तिचा आवाज ‘राहून गेलं’कडे झुकायला लागला.

लाईन म्हणजे आमची छोटी लाईन. नागपूरच्या इतवारी स्टेशनातून निघून भांडेवाडी, दिघोरी, तितूर, कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला पोचणारी, १०६ किलोमीटरची. बंगाल-नागपूर रेल्वेने ती १९०८ साली सुरू केली. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. नागपूरहून मुंबईला आणि हावड्याला जाणाऱ्या मोठ्या लाईनीचं तेच अंतर १६७६ मिलिमीटर आहे. कागदोपत्री तिला नॅरोगेज म्हणायचे. आमच्या घरात ती नुसती ‘गाडी’ होती, कारण दुसरी कुठली गाडी आम्हाला माहीतच नव्हती.

अकरावीपासून बी.ए. होईपर्यंत पाच वर्षं मी सोमवारी पहाटे भिवापूरला त्या गाडीत बसले आणि शनिवारी संध्याकाळी परत उतरले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इंजिन कोळशाचं होतं. डिझेल नंतर आलं. इतवारीपर्यंत साधारण साडेतीन तास लागायचे. डब्यात दुधाचे कॅन, पालेभाज्यांचे भारे, हंगामाप्रमाणे शिंगाडे, टेंभरं, मोहफुलं, आणि थंडी पडली की मिरची. भिवापुरी मिरचीचं पोतं एका डब्यात चढलं की शेजारच्या डब्यापर्यंत लोक शिंकायचे. पोत्यावर डोकं ठेवून झोपलेली बाई मात्र शिंकायची नाही. तिला सवय होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. नागभीडच्या पलीकडच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांतून दीक्षाभूमीला निघालेली माणसं असायची ती. पांढरी लुगडी, निळा झेंडा, फडक्यात बांधलेल्या भाकरी, कडेवर पोर. रस्त्याने यायला ज्यांच्याकडे पैसे नव्हते, ते सगळे या गाडीने यायचे आणि इतवारीहून दीक्षाभूमीपर्यंत चालत जायचे. एका वर्षी माझ्या शेजारी बसलेल्या आजीने मला तिच्या भाकरीतली अर्धी भाकरी दिली आणि विचारलं, “तू शिकून राहिली का वं?” मी हो म्हटलं. “बाबासायबाच्या गावाले शिकून राहिली,” ती शेजारणीला म्हणाली. नागपूरला कोणी असं नाव दिलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ती गाडी त्या आजीची होती, असं मी आजही मानते.

हे सगळं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाईंना जुन्याचा पुळका आहे, नवी गाडी नको आहे. तसं मुळीच नाही. लाईन मोठी व्हायला हवी आणि तिच्यावर विजेची तार हवी, हे माझं ठाम मत आहे. साडेतीन तासांचा प्रवास कौतुकाने सांगणं सोपं आहे, पण प्रसूतीला आलेल्या बाईने तो केलेला मी पाहिला आहे. छोटी गाडी नागभीडला पोचली की तिची वाट संपायची. नागभीडवरून जाणारी गोंदिया-बल्लारशा लाईन १९९९ पर्यंत मोठी झाली होती, त्यामुळे पुढे जाणाऱ्याला वीस वर्षं तिथे बोचकी उतरवून गाडी बदलावी लागली. पोत्यांचा तर प्रश्नच होता. छोट्या वाघिणीतला, म्हणजे मालडब्यातला, माल मोठ्या वाघिणीत हातांनी भरायचा. उमरेडच्या खाणीतला कोळसा, भिवापूरची मिरची, ब्रह्मपुरीकडचा तांदूळ, सगळ्याला थेट रूळ हवे होते. शिवाय आमच्या गाडीचं डिझेल बाहेरून विकत आणायचं, आणि कोळशावरच्या विजेची केंद्रं तर विदर्भाच्याच अंगणात, कोराडीला आणि खापरखेड्याला. त्यांची राख आम्ही श्वासातून घेतो. निदान त्या विजेवर आमची गाडी तरी चालावी.

नागपूरच्या मुख्य स्टेशनावर विजेची इंजिनं येऊन तीसच्या वर वर्षं झाली. तिथून इतवारी पाच-सहा किलोमीटर. तिथून पुढे आमची लाईन सुरू होते, आणि विजेला इतवारीहून आमच्या लाईनीवर यायला इतका काळ लागला. २०१८ साली केंद्र सरकारने देशातल्या सगळ्या मोठ्या लाईनींवर तार टाकायचं ठरवलं. आमच्या लाईनीचं रुंदीकरण त्याआधीच मंजूर होतं. आता रूळ आणि तार दोन्ही एकदम होणार होतं, खर्च राज्याने आणि केंद्राने निम्मा-निम्मा उचलायचा होता. बातमी आली तेव्हा मी आईला पेढे नेले होते. खरंच नेले होते.

मग गाडी बंद झाली.

बंद का करावी लागली, हे मला समजतं. छोट्या लाईनीचा भराव अरुंद, वळणं आखूड, पूल हलक्या डब्यांसाठी बांधलेले. नवी लाईन बऱ्याच अंशी त्याच वाटेने जाणार, म्हणजे आधी जुने रूळ उचलायचे, भराव रुंद करायचा, त्यावर मुरूम आणि गिट्टी, मग स्लीपर, मग रूळ. खाली खोदकाम चाललेलं असताना वरून गाडी नेता येत नाही. मुंबईच्या लोकलचं उदाहरण इथे लागू होत नाही, हेही मान्य. तिकडे ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी बॉम्बे व्हीटी ते कुर्ला धावली ती १५०० व्होल्टवर. तो जुना पुरवठा बदलून २५,००० व्होल्टवर नेण्याचं काम कित्येक वर्षं चाललं आणि २०१६ मध्ये संपलं. तारा बदलल्या, उपकेंद्रं बदलली, गाड्या बदलल्या. रूळ तेच राहिले, म्हणून रात्रीचे आणि रविवारचे ब्लॉक घेऊन काम उरकता आलं.

पण मुंबईत रविवारी चार तास ब्लॉक असला तरी आधी वर्तमानपत्रात वेळापत्रक छापून येतं आणि गरज पडली की जादा बस सोडतात. चार तासांसाठी. आमच्या लाईनीचा ब्लॉक वर्षांचा होता, आणि गाडीच्या वेळेला, गाडीच्या तिकिटात भिवापूरहून निघणारी एक बस कुणी सोडली नाही. माझी सगळी तक्रार या एका बसची आहे. पुढे मी जे काही लिहिते आहे ते फिरून तिथेच येणार आहे.

वर्षं लागणार हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. याच इतवारीतून निघणारी छिंदवाड्याची छोटी लाईन २०१५ च्या अखेरीस बंद झाली होती. तिच्या जागी आलेल्या मोठ्या लाईनीवर इतवारीहून छिंदवाड्यापर्यंत प्रवासी गाडी सुरू व्हायला २०२२ उजाडलं. आमची गाडी बंद केली तेव्हा सावनेर-सौंसरच्या लोकांची चार वर्षं आधीच वाट पाहण्यात गेली होती. एकाच स्टेशनातल्या दोन लाईनी. एकीचं काय झालं ते दुसरीला सांगायला फलाटही ओलांडावा लागला नसता.

आईला वाटत होतं, दोन पावसाळे. “दोन पावसाये गेले का गाडी येते,” ती म्हणायची. पहिला पावसाळा यायच्या आधी २०२० चा मार्च आला. टाळेबंदी लागली, कामावरचे मजूर आपापल्या गावी निघून गेले, आणि उचललेल्या रुळांच्या जागी नुसता भराव उरला. त्या पावसाळ्यात त्याच्यावर गवत उगवलं. भिवापूरची गुरं तिथे चरायची.

तारेचं काम कसं होतं हे मला आमच्या गल्लीतल्या काकांनी समजावलं. ते रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झाले. सगळी नोकरी टॉवर वॅगनवर, म्हणजे तारेखालून चालणाऱ्या शिडीच्या गाडीवर गेली. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी मला आगपेटीच्या काड्यांनी खांब करून दाखवले. दोन खांबांमध्ये जास्तीत जास्त ७२ मीटर, वळणावर त्याहून कमी. वर एक तार झोळासारखी लोंबती, तिला बारीक तारांनी टांगलेली खालची तांब्याची तार अगदी सपाट. इंजिनाचा हात त्या खालच्या तारेला घासत जातो. ती रुळांपासून साडेपाच मीटरच्या आसपास उंच. तार सरळ रेषेत नसते, नागमोडी असते, नाहीतर इंजिनाच्या हातावर एकाच जागी खाच पडेल.

“आणि उन्हाळ्यात?” मी विचारलं. नागपूरचा मे महिना डोळ्यापुढे होता, पारा ४५ च्या पुढे.

“तार लांबते,” काका म्हणाले. “म्हणून टोकाच्या खांबाले वजनं टांगतो. तार सैल झाली का वजन खाली जाते, थंडीत आखडली का वर चढते. तार आपल्या जागी ताणून राहते. चोवीस तास, कोणी हात न लावता.” बोलताना त्यांचा चेहरा बदलला होता. आयुष्यभर जे नीट केलं त्याबद्दल बोलताना माणसाचा होतो तसा.

मग त्यांनी मातीचं सांगितलं. आमच्याकडची माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत खांबाचा पाया साधा घालून भागत नाही, खोल आणि रुंद घ्यावा लागतो, नाहीतर दोन पावसाळ्यांत खांब मान टाकतो. भरावालाही तेच, वर चांगल्या मुरुमाचा थर दिल्याशिवाय मोठ्या गाडीचं वजन ती माती झेलत नाही. तार ओढून झाल्यावर वेगळीच चिंता. तांबं महाग, चोर कापून नेतात. म्हणून लाईन सुरू व्हायच्या आधीच त्या तारेत थोड्या दाबाची वीज सोडून ठेवतात, तिच्या राखणीसाठी. सगळं झालं तरी गाडी सोडता येत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त येऊन तपासतात, वेगाने गाडी चालवून पाहतात, मग परवानगी. हे आयुक्त रेल्वेच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. रेल्वेचं काम रेल्वेनेच पास करू नये म्हणून. मला हे फार आवडलं.

“मग उशीर होणारच की,” मी म्हटलं.

“उशीर नाही तो,” काका म्हणाले. “तेवढा टाईम लागतेच. उशीर म्हणजे त्याच्या वरचा.”

तेव्हापासून मी मनात त्या दोन्हींचे वेगळे हिशेब ठेवते.

जंगलाचा हिशेब मांडताना मी बराच काळ अडले. उमरेडच्या पुढे लाईन जंगलाला लागते. एका बाजूला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य, २०१२ साली जाहीर झालेलं, नागभीडकडे घोडाझरी. जय नावाचा वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून निघाला आणि नद्या, शेतं, महामार्ग ओलांडत कऱ्हांडल्याला येऊन राहिला, हे सगळ्या विदर्भाला ठाऊक आहे. म्हणजे वाघांच्या वाटा इथून आहेत. नव्या लाईनीखालून त्यांना कुठे वाट द्यायची, किती रुंद, किती उंच, यावर परवानग्यांचं घोडं अडलं, तेव्हा गावात लोक चिडले. “वाघाले रस्ता भेटते, आमाले नाही,” असं मला एकाने तोंडावर ऐकवलं.

मी त्या बाबतीत वाघाच्या बाजूची आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात गोंदिया-बल्लारशा लाईनीवर वाघिणीचे तीन बछडे गाडीखाली गेले. पेपरातला तो फोटो मी पाहिला होता. गिट्टीवर पडलेले. आमची छोटी गाडी जंगलातून जाताना धडधडत, शिट्ट्या मारत, सायकलच्या वेगाने जायची. विजेची गाडी त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने येणार, आणि आवाज कमी. जनावराला कळायच्या आत अंगावर. तिथे घाई करून चालणारच नव्हतं. त्या मंजुरीला लागलेल्या एकाही महिन्याबद्दल मला तक्रार नाही.

पण वाघ काही गाडी बंद झाल्यावर तिथे राहायला आले नव्हते. अभयारण्य गाडी चालू असतानाच जाहीर झालं, जय गाडी चालू असताना आला, बछडे गाडी बंद व्हायच्या एक वर्ष आधी मेले. काळी माती तर १९०८ च्याही आधीपासून तिथेच आहे. हे सगळे प्रश्न छोटी गाडी धावत असताना सोडवता आले असते. नकाशे काढायला, पत्रं लिहायला, तज्ज्ञांना जंगलात फिरवायला रूळ उचलावे लागत नाहीत. निदान जंगलाच्या तुकड्याचं ठरेपर्यंत उमरेड ते नागभीड गाडी चालू ठेवता आली असती. कागद अडला तर कागदाने थांबावं. आमच्याकडे कागदासाठी माणसं थांबली.

किती आणि कशी थांबली, याची नोंद कुठेही नाही. प्रकल्पाच्या फलकावर लांबी असते, रक्कम असते. गाडी नसलेल्या दिवसांचा रकाना नसतो. म्हणून मला दिसलं तेवढं लिहून ठेवते.

भिवापूरहून इतवारीचं तिकीट शेवटपर्यंत वीसेक रुपयांच्या आसपास होतं. एसटीला शंभराच्या वर लागायला लागले. काळी-पिवळी जीपवाल्याला ठरलेला दर नव्हता. गर्दी पाहून मागायचा. पहाटे भाजीचा भारा घेऊन नागपूरला येणाऱ्या बायकांचं गणित एका दिवसात मोडलं. गाडीत भाऱ्याला कोणी पैसे मागत नसे, जीपवाला भाऱ्याची वेगळी सीट लावायचा. आमच्या शेजारच्या मावशी तीस वर्षं इतवारीच्या पुलाखाली सांबार-पालक विकायच्या. (बाहेरच्यांसाठी सांगते, सांबार म्हणजे कोथिंबीर.) त्यांनी गाडी बंद झाल्यावर दोन महिने जीपने येऊन पाहिलं आणि सोडून दिलं. आता दुसऱ्याच्या शेतात निंदायला जातात. मी विचारलं, “गाडी आली का पुन्हा बसाल ना मावशी?” म्हणाल्या, “गिऱ्हाईक कोठे थांबते, माय? त्या जाग्यावर दुसरी बसली असन.”

माझी आई महिन्यातून एकदा डोळ्यांच्या तपासणीला यायची. काचबिंदू होता, थेंब बदलून घ्यावे लागायचे. गाडीने ती एकटी यायची. फलाट ओळखीचा, डब्यातली निम्मी माणसं ओळखीची. एसटीची पायरी तिला उंच पडायची आणि उमरेड रोडवर खाणीच्या ट्रकांतून जाताना तिला भीती वाटायची. मी घ्यायला यायचं म्हटलं तर “तुह्या सुट्ट्या कायले खर्च करतं” म्हणून नको म्हणायची. दर महिन्याचं येणं दोन महिन्यांवर गेलं, मग चारवर. डाव्या डोळ्याची नजर त्या काळात गेली. डॉक्टर म्हणाले, वयही झालं होतं. असेल. आता ती माझ्याकडे नागपूरला राहते. भिवापूरच्या घराला कुलूप आहे, किल्ली तिच्या उशीखाली असते.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या खऱ्या होत्या, त्यांच्याही घरी चुली होत्या. त्यांना मी दोष देत नाही. पण त्या पाच-साडेपाच महिन्यांत आमच्या पट्ट्याला ना रूळ होते ना लाल बस. आमच्या मागच्या घरातली मुलगी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. उमरेडच्या पुढे नागपूरला तिचं कॉलेज. कोरोनानंतर कॉलेज नुकतं उघडलेलं. जीपचे रोजचे पैसे तिच्या बापाला झेपले नाहीत. बापाने महिनाभर सोसलं, मग म्हणाला, संप मिटेपर्यंत घरी राहा. संप मिटला तोवर तिचं लग्न ठरलं होतं.

मी तीच गाडी धरून बी.ए. झाले. तिच्या आणि माझ्या हुशारीत मला काडीचाही फरक दिसत नाही. पुस्तकं उघडली की ती माझ्याहून लवकर गणित सोडवायची.

मधे एकदा कुहीच्या रस्त्याने जाताना मी गाडी थांबवली. नव्या भरावावर खांब उभे होते, रांगेने, तार अजून नव्हती. एका खांबावर एक तरुण चढलेला, कमरेला पट्टा, खाली दोघे दोर धरून. तिघेही झारखंडचे. भर दुपारची वेळ, लोखंड हाताला चटके देत असणार. त्याने हातांना फडकं गुंडाळलं होतं. खाली उतरून पाणी प्यायला आला तेव्हा मी त्याच्याशी बोलले. त्याला वाटत होतं की ही लाईन अगदी नवी आहे, इथे पहिल्यांदाच रेल्वे येणार आहे. इथून शंभराच्या वर वर्षं गाडी जात होती असं सांगितलं तर तो चकित झाला. “फिर कहाँ गई?” त्याने विचारलं. मी त्याला नागपूरच्या मोतीबागेचं सांगितलं. तिथे २००२ साली नॅरोगेजचं संग्रहालय झालं आहे, छोटी इंजिनं रंगवून ठेवली आहेत, पोरं वर चढून फोटो काढतात. तो हसला आणि पुन्हा पट्टा आवळायला लागला. त्याच्या कामात मला कसलीच कसूर दिसली नाही. त्या उन्हात मी तो खांब नुसता धरूही शकले नसते.

तिथून थोडं पुढे जुन्या फाटकाच्या जागी रुळांखालून रस्ता काढला आहे. तारेच्या लाईनीवर फाटक ठेवायचं तर दोन्ही बाजूंना उंचीची कमान लावावी लागते, कडब्याची गाडी किंवा उंच ट्रक तारेला भिडू नये म्हणून. त्यापेक्षा खालून रस्ता बरा, असं काकांनी सांगितलं होतं. कल्पना योग्यच आहे. पण पावसाळ्यात त्या बोगद्यात कमरेइतकं पाणी साचतं आणि पलीकडच्या शेतात जायला बैलगाडीला लांबचा फेरा पडतो. पाणी उताराकडे येणार हे शेतकऱ्याला विचारलं असतं तरी त्याने बोट दाखवलं असतं.

या थंडीत मी भिवापूरला गेले होते, घर झाडून घ्यायला. गावाबाहेर मिरचीच्या सातऱ्यावर नेहमीसारखी बायकांची रांग बसली होती, लाल ढिगासमोर, देठ खुडत. त्यात ती बी.कॉम.वाली पोरगी दिसली. माहेरपणाला आली होती आणि चार दिवस रिकामं कशाला बसायचं म्हणून सातऱ्यावर जात होती. शेजारी पोत्यावर तिची दोन वर्षांची मुलगी झोपलेली, तोंडावर ओढणी, मिरचीच्या ठसक्यात शांत.

मी बसले. इकडचं तिकडचं झालं. मग तिने विचारलं, “मावशी, गाडी येऊन राहिली म्हणते. इतवारीले सकाळी किती वाजता पोचवन?”

मी म्हटलं, वेळापत्रक आलं की सांगेन. तुला कशाला गं?

“दहाच्या आत पोचवलं पाहिजे,” ती म्हणाली. “साडेदहाले पहिला तास असते.” तिची बोटं थांबली नव्हती, देठ एका बाजूला, मिरची दुसऱ्या. मग झोपलेल्या लेकीकडे पाहून म्हणाली, “अजून टाईम आहे म्हणा. खांब तं लागून राहिले.”

मीही चार मुठी मिरच्या पुढ्यात ओढल्या आणि देठ खुडायला लागले.